टप्प्याचे साधक पालवणकर बाळू

फेकण्याची वस्तू कोणतीही असो, चकतीवर रोवला जाणारा डार्टचा बाण असो वा यष्टींकडे झेपावणारा चेंडू, तिला नेमके स्थान गाठायला लावणारे तंत्र मुळात सारखेच असते. लक्ष्यावर खिळलेली नजर, तोल सांभाळणारे शरीर, दर खेपेस एकाच जागी सुटणारा हात आणि न कंटाळता केलेला सराव. हे तंत्र आयुष्यभर जोपासणारे थोर मराठी खेळाडू म्हणजे पालवणकर बाळू. त्यांचा हात अचूक होता, हे सर्वांनीच मान्य केले. त्या हाताचा माणूस मान्य करायला मात्र समाजाने फार वेळ लावला.

बाळू यांचा जन्म १८७६ मध्ये धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. वडील सैन्यात नोकरीस होते. पुण्यात लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम क्रिकेट शिकले. पुढे बाळू पारशांच्या क्रिकेट क्लबात दरमहा ३ रुपयांवर आणि १८९२ च्या सुमारास युरोपीय लोकांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर कामाला लागले. खेळपट्टीवर रूळ फिरवणे, रेषा आखणे, सरावाची जाळी बांधणे ही त्यांची कामे.

फावल्या वेळात क्लबाच्या सदस्यांना ते गोलंदाजी करीत. त्या काळचे नामांकित फलंदाज कॅप्टन ग्रेग इतरांच्या आधी मैदानावर येऊन तासन्‌तास त्यांच्या चेंडूंवर सराव करीत. आपल्याला बाद केल्यास ते दर वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. बाळूंना फलंदाजीची संधी मात्र क्लबात कधीच मिळाली नाही. तरीही रोजच्या या राबण्यातूनच त्यांचा डावा हात घडला. सहज लयीतील फेक, टप्प्यावरील हुकमत, चेंडूला दिलेली उंची आणि वेगातील फसवे बदल ही त्यांच्या मंदगती फिरकीची वैशिष्ट्ये ठरली.

पुण्यातील हिंदू संघाला युरोपीय संघाविरुद्ध विजय हवा होता, म्हणून बाळूंना संघात घेणे भाग पडले. मैदानावर सहकारी त्यांनी टाकलेला चेंडू हाताळीत. परंतु चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर, टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. जेवणाचे पानही वेगळेच असे. पुढे ते मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपीय संघाचा १०९ धावांनी पराभव केला. त्या सामन्यात बाळूंनी ८ बळी घेतले.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. एकूण दौरा निराशाजनक ठरला. पस्तिशीतील बाळूंनी मात्र ११४ बळी मिळवले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत. एवढ्या कर्तृत्वानंतरही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. १९२३ मध्ये ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले आणि त्या वर्षी हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली.

बाळूंकडे पाहून ज्यांना अभिमान वाटे, त्यांत तरुण भीमराव आंबेडकरही होते. पुढे मात्र दोघांचे राजकीय मार्ग वेगळे झाले. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार म्हणून बाळू डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. ४ जुलै १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

राळेगावसारख्या कापूसपट्ट्यातील गावी आजही अनेक मुलांपाशी साधने कमी आणि जिद्द अधिक असते. त्यांनी बाळूंच्या जीवनातून एवढे अवश्य घ्यावे की, नेम महागड्या साहित्याने सुधारत नाही. एकाच कृतीच्या प्रामाणिक पुनरावृत्तीने सुधारतो. आणि मोठ्यांनी ध्यानी ठेवावे की, गुणी हाताचा उपयोग करून घेणे सोपे असते; त्या हाताला आपल्या पंगतीत बसवणे हीच समाजाची खरी कसोटी होय.