विश्लेषण : दहा दिवसांचे बाळ गेले आणि आनंदीबाई डॉक्टर झाल्या

डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या प्रबंधाचा विषय मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो.

वैद्यकशास्त्रच का?
३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या यमुनेचे ९व्या वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न झाले. १४व्या वर्षी मुलगा झाला, पण योग्य उपचारांअभावी तो १० दिवसांतच दगावला. पुरुष डॉक्टरकडे जायला बायका संकोचत आणि स्त्री डॉक्टर जवळपास नव्हत्याच.

अमेरिकाच का?
भारतात स्त्रियांसाठी सोय होती ती मुख्यतः सुईणकामाच्या वर्गांची. पूर्ण वैद्यकीय शिक्षणाची दारे जेमतेम किलकिली झाली होती. १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या.

प्रबंध कशावर?
हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर. त्यात त्यांनी आयुर्वेदातील ग्रंथांचे आणि अमेरिकी पाठ्यपुस्तकांचे, असे दोन्हीकडचे संदर्भ घेतले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एमडी पदवी मिळाली.

पुढे काय झाले?
कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभाग त्यांची वाट पाहत होता. पण क्षयाने ग्रासलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निवर्तल्या. तेव्हा वयाची २२ वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

आज काय स्थिती?
त्याच पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात आज मुलींनाही बालरोगशास्त्रात एमडी करता येते. प्रबंध आजही लिहावाच लागतो. त्यासाठी समुद्र मात्र ओलांडावा लागत नाही.