सायकलचं दुकान ते लोखंडी नांगर: लक्ष्मणराव किर्लोस्कर

सध्या घरी आजोबांची जुनी सायकल खोलतोय. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, क्रँकची कॉटर पिन गंजून बसते, छर्रे घरंगळून कपाटाखाली जातात. पण मला मोबाइलवर व्हिडिओ तरी बघता येतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांना ती सोय कुठली!

जन्म १८६९. रंग नीट ओळखता येईनात म्हणून मुंबईत जे. जे. मधली चित्रकला सुटली. मग ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान निघालं. हे मुंबईहून सायकली पाठवायचे, भाऊ रामुअण्णा तिकडे विकायचे आणि लोकांना चालवायलाही शिकवायचे. म्हणजे डेमो आणि आफ्टर-सेल्स सर्व्हिस, दोन्ही!

पुढे बढती डावलली गेली. पक्की नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावला आले. कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची भीती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. तरी माणूस थांबला नाही. बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानात माळरान मिळालं. तिथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.