पितळी चकतीचा इलाज

जुनी स्कूटर किकवर किक मारूनही सुरू होत नाही आणि पेट्रोलचा भपकारा येतो, तेव्हा ओव्हरफ्लो झालं हे अनुभवी माणूस लगेच ओळखतो. इंजिनाला पेट्रोल कमी पडलेलं नसतं, ते जास्त झालेलं असतं. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १५ भाग हवा लागते. हे प्रमाण फार बिघडलं, की ठिणगी पडूनही इंजिन पेट घेत नाही. रस्त्यावर असं झालं तर थोडं थांबावं, प्लग काढून पुसावा, पुन्हा किक मारावी. पण १९४० साली हाच बिघाड ब्रिटनच्या लढाऊ वैमानिकांना आकाशात, ऐन चकमकीत गाठत होता. तो काबूत आणला बिॲट्रिस शिलिंग यांनी.

शिलिंग यांचा जन्म १९०९ साली इंग्लंडमधल्या हॅम्पशायरमध्ये, एका खाटकाच्या घरात झाला. चौदाव्या वर्षी त्यांनी मोटरसायकल घेतली आणि तिचं इंजिन स्वतःच खोलून जोडू लागल्या. पुढे मँचेस्टरला त्यांनी इंजिनीअरिंगची पदवी घेतली. तेव्हा या शाखेत मुली जवळपास नव्हत्याच. १९३४ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत त्यांनी ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने मोटरसायकल चालवली. १९३६ साली त्या फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत रुजू झाल्या.

युद्ध सुरू झालं. स्पिटफायर आणि हरिकेन या विमानांच्या मर्लिन इंजिनाला कार्बोरेटर होता. त्यातल्या छोट्या टाकीत, फ्लशच्या टाकीत असतो तसा, तरंगणारा फ्लोट असे. पेट्रोलची पातळी वाढली की तो झडप बंद करी. वैमानिकाने विमानाचं नाक झटकन खाली दाबलं, की मात्र टाकीतलं पेट्रोल वर उसळे. क्षणभर इंजिन उपाशी राही. लगेच दुसरं संकट येई. फ्लोट तळाशी जाई, झडप सताड उघडी राही आणि पंप पूर्ण दाबाने पेट्रोल ओतत राही. इंजिन गुदमरून बंद पडे. जर्मन विमानांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जाई, त्यामुळे ती सरळ सूर मारून निसटत. ब्रिटिश वैमानिकाला आधी विमान उलटं वळवून मगच खाली झेपावावं लागे. तेवढ्या सेकंदांत जीवही जाऊ शकत होता.

नवा कार्बोरेटर बनवायला वेळ लागणार होता. शिलिंग यांनी बिघाडाच्या मुळावर बोट ठेवलं. पेट्रोल टाकीत शिरतं तिथेच त्याला मर्यादा घालायची. त्यांनी नळीत बसवायला मधोमध छिद्र असलेला पितळेचा छोटा तुकडा तयार केला. पुढे तो साध्या चकतीच्या रूपात आला. सगळं कसब छिद्राच्या मापात होतं. छिद्र लहान झालं तर पूर्ण जोर लावताना इंजिन उपाशी, मोठं झालं तर पुन्हा तुंबणार. इंजिनाला कमाल ताकदीसाठी लागेल तेवढंच पेट्रोल त्यातून जाई. औषधाच्या मात्रेसारखंच हे गणित.

१९४१ च्या मार्चपर्यंत शिलिंग आणि त्यांची छोटी तुकडी तळातळांवर जाऊन चकत्या बसवत होती. त्यासाठी विमानं सेवेतून काढावी लागत नव्हती. पहिला क्षणिक खंड तसाच राहिला, पण इंजिन बुडून बंद पडणं टळलं. दाबावर चालणारे नवे कार्बोरेटर येईपर्यंत या चकतीने वेळ निभावून नेली. वैमानिकांनी तिला शिलिंग यांचंच नाव देऊन टाकलं.

युद्धानंतर ओल्या धावपट्टीवर विमानांचे ब्रेक कसे लागतात, यावर त्यांनी काम केलं. १९६९ साली त्या निवृत्त झाल्या, १९९० साली त्यांचं निधन झालं. रोग पुरता बरा करणारं औषध हाताशी नसतानाही, कारण नेमकं कळलं तर रुग्णाला तोवर जगवता येतं. शिलिंग यांनी इंजिनाच्या बाबतीत तेच केलं.