सिसिली साँडर्स

डेम सिसिली साँडर्स (२२ जून, १९१८ - १४ जुलै, २००५) या ब्रिटिश परिचारिका, वैद्यकीय समाजसेविका आणि डॉक्टर होत्या. आधुनिक हॉस्पिस चळवळीच्या प्रवर्तक म्हणून त्या ओळखल्या जातात. असाध्य आजाराने ग्रासलेल्या रुग्णाची वेदना शमविणे हे वैद्यकाचे गौण नव्हे, तर स्वतंत्र आणि शिकविण्याजोगे कार्य आहे, हे त्यांनी डॉक्टरांना पटवून दिले.

पूर्वायुष्य

साँडर्स यांचा जन्म इंग्लंडमधील बार्नेट येथे झाला. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ऑक्सफर्डमधील शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकेचे प्रशिक्षण घेतले. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागले, तेव्हा ऑक्सफर्डची पदवी पूर्ण करून त्या वैद्यकीय समाजसेविका झाल्या. याच काळात वॉर्साहून आलेला डेव्हिड टास्मा हा पोलिश ज्यू निर्वासित त्यांच्या देखरेखीखाली आला. कर्करोगाने मृत्युपंथाला लागलेल्या टास्माशी त्यांचे दीर्घ संभाषण होई. मरणासन्न माणसांसाठी वेगळे घर असावे, ही कल्पना त्यातूनच आकाराला आली. १९४८ मध्ये त्याचे निधन झाले. मागे ठेवलेले ५०० पौंड त्याने या घरासाठी दिले होते.

वैद्यकीय शिक्षण व संशोधन

परिचारिका म्हणून सांगितलेले डॉक्टर ऐकणार नाहीत आणि मरणाऱ्या रुग्णाला वाऱ्यावर सोडतात ते तर डॉक्टरच, तेव्हा त्यांनी स्वतःच डॉक्टर व्हावे, असा सल्ला शल्यचिकित्सक नॉर्मन बॅरेट यांनी त्यांना दिला. त्यानुसार १९५१ मध्ये, तिशी उलटल्यावर, त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला व १९५७ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. दोन पेशे अनुभवून तिसऱ्यासाठी पुन्हा विद्यार्थिदशा पत्करणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

१९५८ पासून त्यांनी लंडनच्या हॅकनी भागातील सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये संशोधन केले. त्या काळी व्यसन लागेल या भीतीने मॉर्फीन हात आखडून दिले जाई. वेदना असह्य होऊन रुग्णाने याचना केली, की मगच इंजेक्शन मिळे. साँडर्स यांनी वेदना डोके वर काढण्यापूर्वीच, ठरावीक तासांनी, तोंडावाटे औषध देण्याची पद्धत राबविली. वेदनेची धास्ती गेल्याने रुग्ण औषधासाठी आसुसत नाही आणि गुंगीतही राहत नाही, हे त्यांनी शेकडो रुग्णांच्या तपशीलवार नोंदींवरून दाखविले. शरीराबरोबरच मन, कुटुंब, पैशाची विवंचना आणि श्रद्धा यांचाही वेदनेत वाटा असतो, असे प्रतिपादन करणारी समग्र वेदनेची संकल्पना त्यांनीच मांडली.

सेंट क्रिस्तोफर हॉस्पिस

अनेक वर्षे निधी जमवून त्यांनी १९६७ मध्ये आग्नेय लंडनमधील सिडनहॅम येथे सेंट क्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. तेथील एक खिडकी टास्माच्या स्मरणार्थ आहे. शुश्रूषा, संशोधन आणि अध्यापन ही तिन्ही कामे एकाच छताखाली चालावीत, हा त्यांचा आग्रह होता. १९६९ मध्ये रुग्णांच्या घरी जाऊन सेवा देण्यास सुरुवात झाली. रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनी वेदनाशामकांवरील महत्त्वाचे संशोधन येथेच केले. मॉन्ट्रियलचे शल्यचिकित्सक बाल्फोर माउंट १९७३ मध्ये येथे येऊन शिकले. परतल्यावर त्यांनी आपल्या रुग्णालयात असा विभाग काढला व त्याला पॅलिएटिव्ह केअर हे नाव दिले. ब्रिटनमध्ये १९८७ मध्ये उपशामक वैद्यक ही स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्य झाली.

इच्छामरणाला कायदेशीर मान्यता देण्यास साँडर्स यांचा ठाम विरोध होता. त्यांची ही भूमिका सर्वांनाच मान्य झाली नाही.

भारतातील प्रभाव

भारतातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईतील वांद्रे येथे सुरू झाले. मात्र १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील जाचक अटींमुळे रुग्णांना मॉर्फीन मिळणे दुरापास्त झाले. त्या अटी २०१४ च्या दुरुस्तीने सैल करण्यात आल्या. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २०१२ मध्ये उपशामक वैद्यकाचा एम.डी. अभ्यासक्रम सुरू झाला.

सन्मान व निधन

साँडर्स यांना १९८१ मध्ये टेंपलटन पुरस्कार आणि १९८९ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळाला. पोलिश चित्रकार मारियान बोहुश-शिश्को यांच्याशी त्यांनी १९८० मध्ये विवाह केला होता. कर्करोगाने आजारी असताना सेंट क्रिस्तोफर हॉस्पिसमध्येच त्यांचे निधन झाले.