वारल्यांची गोदाराणी

सहकाऱ्यांचा स्वभाव ओळखून त्यांच्याशी कसे बोलावे, याचे रीतसर प्रशिक्षण आज कंपन्यांमधून दिले जाते. कोणी झटपट निर्णय घेणारा, कोणी तपशील पाहिल्याशिवाय पाऊल न टाकणारा, कोणी अबोल. प्रत्येकाशी संवादाची रीत निराळी, असा त्या शिकवणीचा गाभा. १९४५ साली डहाणू-तलासरीच्या जंगलपट्टीत पुण्याच्या एका उच्चशिक्षित स्त्रीने हेच काम कोणत्याही प्रशिक्षणाविना आरंभले. तेथे संवाद फसला, तर त्याची किंमत प्राणांनी चुकवावी लागे.

गोदावरी परुळेकर, माहेरच्या गोखले, यांचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ चा. वडील नामांकित वकील. फर्ग्युसन महाविद्यालयातील शिक्षणानंतर त्यांनी कायद्याची पदवी घेतली. महाराष्ट्रात ती मिळविणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. सत्याग्रहात त्यांनी शिक्षा भोगली, ती नेमस्त वडिलांना रुचली नाही आणि कन्येने मुंबईची वाट धरली. तेथे भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. साक्षरता प्रसार, घरकाम करणाऱ्यांची संघटना अशी कामे करीत असताना १९३९ मध्ये शामराव परुळेकरांशी त्यांचा विवाह झाला. दोघेही कम्युनिस्ट पक्षात गेले आणि युद्धविरोधी प्रचारामुळे तुरुंगातही.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातून मोजके वारली तेथे आले होते. त्यांच्यापैकी माह्या धांगडा यांनी आपल्या लोकांची स्थिती सभेपुढे मांडली. वेठबिगारीत दिवसभर राबूनही मजुरी नाही. लग्नासाठी सावकाराकडून चार पैसे उचलले, तर नवराबायको दोघेही जन्मभराचे गडी. यालाच लग्नगडी म्हणत. हे ऐकल्यावर गोदावरीबाईंचा मुक्काम वारल्यांच्या पाड्यांवर पडू लागला.

त्यांच्यापुढची खरी अडचण भाषेपेक्षाही खोल होती. जमीनदार, सावकार, जंगलखात्याचा शिपाई, पोलीस हे सारे पांढरपेशा मराठीतच बोलत. त्या बोलण्यात वारल्याने आजवर हुकूम आणि शिवी एवढेच ऐकले होते. अशा माणसाने मान डोलावली, तर ती संमती समजावी की भीती? सभा गाजविणाऱ्या कार्यकर्त्यांना हा प्रश्न बहुधा पडतच नाही. गोदावरीबाईंनी वारल्यांना आपल्या वळणावर आणण्याआधी स्वतःचे वळण बदलले. त्यांच्या झोपडीत राहिल्या, त्यांचेच अन्न खाल्ले, त्यांची बोली आत्मसात केली. बोलण्याआधी ऐकण्यात दिवस घातले. वारल्यांनी त्यांना गोदाराणी म्हणावे, यात नवल ते काय!

या रीतीचे फळ २३ मे १९४५ रोजी झरी येथे दिसले. वारल्यांच्या त्या पहिल्या परिषदेला हजारो लोक जमले. तेथे लांबलचक ठरावांची भाषा नव्हती. रोख १२ आणे रोजाखेरीज जमीनदाराच्या खाजगी शेतावर राबायचे नाही, वेठ करायची नाही, अंगावर कोणी हात टाकला तर प्रतिकार करायचा, सर्वांनी एक राहायचे. एवढेच. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही घरी नेता येईल आणि शेजारच्या पाड्यावर जसेच्या तसे सांगता येईल, असे हे निर्णय होते. पाहता पाहता ते गावोगाव पोहोचले आणि पिढ्यान् पिढ्यांची वेठ ओसरू लागली.

परंतु अशा विश्वासाला दुसरी बाजूही असते. ऑक्टोबरमध्ये गवतकापणीचा संप सुरू झाला. ५०० पौंड गवतास अडीच रुपये, ही मागणी होती. १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे गोदाराणी येणार आहे, तिच्या जिवाला धोका आहे, अशी अफवा जमीनदारांनी पसरविली. वारली काठ्या घेऊन जमले. दुसरीकडे, हा जमाव जमीनदारांवर चालून आला आहे, असे पोलिसांना कळविण्यात आले. गोळीबार झाला, जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. बाईंच्या नावाने आलेला निरोप खोटा असेल, अशी शंकाही त्या भाबड्या माणसांना आली नाही. परुळेकर दांपत्यावर लगोलग जिल्हाबंदी लादण्यात आली. नेते दूर, सोबती मारले गेलेले, तरीही संप मोडला नाही आणि अनेक ठिकाणी मागितलेला दर पदरात पडला. बाई समोर नसतानाही लोकांनी काम चालविले, हे त्यांच्या संवादाचे सर्वांत मोठे यश मानावे लागेल.

पतिपत्नींच्या लेखनातही स्वभावाचा फरक दिसतो. शामरावांनी १९४७ मध्ये या उठावावर इंग्रजी पुस्तिका लिहिली. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० मध्ये आले. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यात वारली माणसे नावानिशी, हाडामांसाची होऊन भेटतात. शामराव १९५७ मध्ये ठाण्यातून लोकसभेवर गेले आणि १९६५ मध्ये तुरुंगवासातच निवर्तले. त्यानंतरही बाई तीन दशके काम करीत राहिल्या; १९८६ मध्ये अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या.

झरीचा उंबरगाव तालुका १९६० मध्ये बहुतांशी गुजरातेत गेला. झरी आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. तलासरीतील महाविद्यालयाला आज गोदावरीबाईंचे नाव आहे. तलवाड्याच्या हुतात्म्यांचे स्मरण दरवर्षी १० ऑक्टोबरला केले जाते. १९९६ साली त्या दिवसाला दोन दिवस उरले असताना, ८ ऑक्टोबर रोजी, गोदाराणीने जगाचा निरोप घेतला.