अनायरिन बेव्हन : अडखळत बोलणारा मुलगा आणि मोफत दवाखाना

आज ज्यांची ओळख करून घ्यायची आहे त्यांना शाळेने जवळपास 'ढ' ठरवलं होतं. पुढे त्यांनीच इंग्लंड-वेल्समधल्या रुग्णालयांचा सगळा कारभार बदलून टाकला.

अनायरिन बेव्हन यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८९७ रोजी वेल्समधील ट्रेडेगर या खाणगावात झाला. घरात दहा भावंडं जन्मली, पण त्यातली काही लहानपणीच गेली. वडील डेव्हिड कोळशाच्या खाणीत कामाला होते, आई फीबी शिवणकाम करायची. सगळे त्यांना 'नाय' म्हणत. नायला बोलताना अडखळायला व्हायचं. मुख्याध्यापकांशी त्याचं कधीच पटलं नाही, एकदा तर त्याला वर्षभर मागे ठेवलं गेलं. शाळेत असतानाच तो खाटकाच्या दुकानात काम करायचा आणि तेराव्या वर्षी शाळा सोडून थेट खाणीत उतरला.

मग हा मुलगा शिकला कुठे? तर कामगारांच्या वाचनालयात. ट्रेडेगरच्या खाणकामगारांनी स्वतःच्या मजुरीतून वर्गणी काढून ते चालवलं होतं. दिवसभर कोळसा फोडायचा आणि रात्री पुस्तकं वाचायची. तोतरेपणावरचा उपायही त्याने आपला आपणच काढला. तो मोठ्याने वाचायचा, आणि एखादा शब्द तोंडातून निघेना की त्या अर्थाचा दुसरा शब्द वापरायचा. आपल्या वर्गातही असं एखादं मूल असतंच. आपण घाईने त्याचं वाक्य पूर्ण करून मोकळे होतो! नायजवळ मात्र समानार्थी शब्दांचा मोठा साठा जमला आणि पुढे ब्रिटनच्या संसदेत त्याच्यासारखे वक्ते मोजकेच होते.

१९१९ मध्ये खाणकामगार संघटनेच्या खर्चाने ते दोन वर्षं लंडनच्या सेंट्रल लेबर कॉलेजात शिकले. परत आले तर हाताला काम नाही. १९२५ मध्ये वडील वारले. आयुष्यभर खाणीतली धूळ छातीत गेल्याने त्यांची फुफ्फुसं निकामी झाली होती. पण तो आजार तेव्हा कायद्याने खाणकामाचा आजार मानला जात नव्हता, त्यामुळे घराला भरपाईचा एक पैसाही मिळाला नाही. ही गोष्ट वाचल्याशिवाय बेव्हन यांचं पुढचं काम समजत नाही, असं मला वाटतं.

त्या काळी उपचारांची स्थिती कशी होती? १९११ च्या विमा कायद्याने कामगाराला डॉक्टर मिळे, पण त्याच्या बायको-मुलांना नाही. आई आजारी पडली की आधी पैशांचा हिशोब, मग डॉक्टर! ट्रेडेगरला मात्र वेगळी सोय होती. मेडिकल एड सोसायटी नावाच्या संस्थेत कामगार आपल्या मजुरीतून दर पौंडामागे तीन पेन्स भरत. त्या बदल्यात घरातल्या सगळ्यांना डॉक्टर आणि दवाखाना मिळे. गावातले जवळजवळ सगळेच त्यात होते. बेव्हन यांनी हे काम जवळून पाहिलं होतं, त्यामुळे पुढे त्यांना नवीन कल्पना शोधावी लागली नाही. गावात जे चालत होतं तेच देशभर न्यायचं होतं.

१९२९ मध्ये ते एब्ब व्हेलमधून मजूर पक्षाचे खासदार झाले. १९४५ मध्ये ॲटली पंतप्रधान झाले आणि बेव्हन आरोग्यमंत्री. घरबांधणीचं खातंही त्यांच्याचकडे होतं.

राष्ट्रीय आरोग्य सेवेचा कायदा १९४६ मध्ये झाला, पण अंमलबजावणी सोपी नव्हती. सुमारे २,७०० रुग्णालयं सरकारने ताब्यात घ्यायची होती. स्वतःच्याच मंत्रिमंडळातले हर्बर्ट मॉरिसन म्हणत होते की रुग्णालयं स्थानिक संस्थांकडेच राहू द्या. विरोधी पक्षाने विरोधात मतं दिली. डॉक्टर तर आपण सरकारी नोकर होऊ या भीतीने पेटून उठले आणि १९४८ च्या फेब्रुवारीत त्यांच्या संघटनेच्या मतदानात प्रचंड बहुमत योजनेच्या विरोधात पडलं. बेव्हन यांनी तडजोड केली. मोठ्या तज्ज्ञांना खासगी रुग्ण पाहायची मुभा दिली आणि साध्या डॉक्टरांवर पूर्ण पगारी नोकरी लादणार नाही, अशी हमी दिली. पण रुग्णाकडून उपचाराच्या वेळी पैसे घ्यायचे नाहीत, खर्च मुख्यतः करांतून करायचा, या मुद्द्यावर ते हलले नाहीत.

५ जुलै १९४८ रोजी सेवा सुरू झाली. चष्मे आणि कवळ्या यांची मागणी अंदाजापेक्षा कितीतरी जास्त आली. माणसं वर्षानुवर्षं धूसर बघत आणि बिनदातांनी जेवत होती, हे तेव्हा सरकारला कळलं.

(त्याच १९४६ साली भारतातही सर जोसेफ भोर समितीचा अहवाल आला होता. पैसे नाहीत म्हणून कुणाचे उपचार अडू नयेत, हाच त्याचाही आग्रह होता. हे भोर आपल्या नाशिकचे. मुलांना हा धागा जरूर सांगा.)

बेव्हन यांची जीभ मात्र फार तिखट होती. सेवा सुरू होण्याच्या आदल्याच दिवशी विरोधकांबद्दल ते इतकं जहाल बोलले की ते त्यांच्या पक्षाला महागात पडलं. १९५१ मध्ये शस्त्रास्त्रांचा खर्च वाढला आणि सरकारने चष्मे-कवळ्यांची निम्मी किंमत रुग्णांकडून घ्यायचं ठरवलं. बेव्हन यांनी मंत्रिपद सोडलं. रक्कम लहान होती, हट्ट कशाला, असं अनेकांना वाटलं. मला ते पटत नाही. एकदा दारात पैसे मागायला सुरुवात झाली की थांबायचं कुठे? पुढच्याच वर्षी औषधाच्या चिठ्ठीवरही शुल्क आलं.

त्यांच्या पत्नी जेनी ली याही खासदार होत्या. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ओपन युनिव्हर्सिटीसाठी मंत्री म्हणून झटल्या त्या याच.

बेव्हन ६ जुलै १९६० रोजी पोटाच्या कर्करोगाने वारले. आदल्याच दिवशी आरोग्य सेवेला बारा वर्षं पूर्ण झाली होती. ट्रेडेगरजवळच्या उघड्या माळावर, जिथे उभं राहून ते लोकांशी बोलत, तिथे आज चार मोठे दगड उभे आहेत. एक त्यांचा आणि तीन त्यांच्या मतदारसंघातल्या गावांचे.