टिळकांचं बुडालेलं वर्ष

टिळक आळीतून जाताना मला लोकमान्यांचं एक वर्ष हमखास आठवतं. २३ जुलै १८५६ चा जन्म इथलाच. दहाव्या वर्षी ते पुण्याला गेले. प्रकृती किरकोळ. म्हणून डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष त्यांनी चक्क तालीम, कुस्ती, पोहणं यांत घालवलं. परीक्षा बुडाली, पण अंग कमावलं. पुढे १८७७ मध्ये बी. ए. झाले ते गणितात पहिल्या वर्गात! मधुमेह असूनही मंडालेची सहा वर्षं त्याच शरीराने सोसली.

मी मात्र मुलाला दहावीच्या वर्षी खेळू दिलं नाही. ती चुटपुट आहेच. म्हणून मागचं अंगण पार्किंगला देण्याच्या ठरावाला सभेत मी विरोध केला. आता तिथे पोरं लगोरी, क्रिकेट खेळतात. चेंडू खिडकीवर आदळला की ओरडतो, ते सोडा.